पोरगी साडेपंधरा महिन्यांची झाली, अजून चालत नाही. वाट बघायची की दाखवायचं?

पाचोऱ्याची_सूनबाई :
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेच आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय तर सांभाळून घ्या.
माझी मुलगी साडेपंधरा महिन्यांची आहे. सोफ्याला धरून उभी राहते, धरून धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते पण हात सुटला की मटकन खाली. रांगली तर कधीच नाही, बसल्या बसल्या बुडाने सरकते आणि तेही इतक्या स्पीडने की मांजर पळून जातं. बाकी हसते, टाळ्या वाजवते, बाबा, माऊ, दे असं तीन-चार शब्द बोलते.
आता आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी अमळनेरला आले तर घरात नुसता मेळा, आत्या, मावश्या, सगळ्या माहेरवाशिणी. झोक्यावर बसले तरी विषय हाच, "चालते का गं?" वहिनीचा मुलगा दहाव्या महिन्यात चालला होता ते गेल्या वर्षीपासून ऐकतेय. आई म्हणते तेल कमी पडतंय, मावशी म्हणते उन्हात ठेव, आणि भावाने तर न विचारता वॉकरच आणून ठेवला. नवरा म्हणतो होईल, घाई काय आहे.
कोणत्या वयात काय यायला पाहिजे याचा नक्की हिशोब असतो का? कधीपर्यंत थांबायचं? चालणं, बोलणं, इतर मुलांत मिसळणं, सगळ्याबद्दलच तुमच्या पोरांचे अनुभव लिहा प्लीज.

भुसावळ_जंक्शन :
ताई आमच्या स्टेशनावर बसून सांगतो, लेट झालेली गाडी पण पोचतेच. पहिला नंबर माझा :)

वांग्याचं_भरीत :
माझा सतरा महिन्यांचा असताना चालला. आता सहावीत आहे आणि घरात सापडत नाही. मावशीला म्हणावं मे महिन्यात जळगाव-अमळनेरच्या उन्हात पोरीला ठेवून बघ, ४४ डिग्रीत तूच चालायला विसरशील.

पुण्यातला_जळगावकर :
मी जरा वेगळं बोलतो. "होईल होईल" ही आपल्याकडची सगळ्यात धोक्याची सवय आहे. आम्ही फोनमध्ये ॲप टाकलंय, दर महिन्याला टिकमार्क करायचं, एक जरी बॉक्स रिकामा राहिला की डॉक्टर. पंधरा महिने म्हणजे उशीर झालाय असंच ॲप सांगतं. लगेच दाखवा.

आखाजीचा_झोका :
जळगावकर तुमच्या ॲपने माझ्या बहिणीची झोप घालवली होती. मुलगा टॉवर रचत नाही म्हणून रडत बसली, नंतर कळलं घरात ठोकळेच नव्हते. मग वाट्या दिल्या तर चार वाट्या एकावर एक ठेवल्या पठ्ठ्याने.

डॉ_तापीकाठ :
मी बालरोगतज्ज्ञ आहे पण इथे तपासणी होत नाही आणि निदानही होत नाही, आधीच सांगून ठेवतो.
तारीख नसते, पट्टा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या मुलांवर अभ्यास करून २००६ साली आकडे दिले, त्यात भारतातली मुलं पण होती. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने, आधाराशिवाय उभं राहणं ६.९ ते १६.९ महिने, एकटं चालणं ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे वहिनींचा दहा महिन्यांचा आणि भरीतरावांचा सतरा महिन्यांचा, दोघंही ठणठणीत. त्याच अभ्यासात शंभरातली चार-पाच मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, सरळ पुढच्या टप्प्याला गेली. आणि बुडाने सरकणारी मुलं बऱ्याचदा उशिरा चालतात, हे आम्हाला नेहमी दिसतं. त्यांचं काम बसूनच भागतं ना, उठायचं कशाला?
पण जळगावकरांचं सगळंच खोडून काढत नाही. १८ महिने झाले आणि चालत नसेल तर दाखवायचंच. त्याआधीसुद्धा अंग फार सैल किंवा फार ताठ वाटत असेल, एकच बाजू जास्त वापरत असेल, किंवा आधी येत होतं ते येईनासं झालं असेल तर त्याच आठवड्यात. हे शेवटचं कुठल्याही वयात आणि कुठल्याही बाबतीत लागू.
ताई दोन प्रश्न. बाळ दिवस भरून झालं होतं का? आणि दिवसाला दूध किती पिते?

चोपडा_सातपुडा :
वॉकरबद्दल कोणी काही बोललं नाही. तो गोल, आत बसवायचा वॉकर ना? आमच्या शेजारी पोरगं त्याच्यासकट ओट्यावरून खाली आलं, नशिबाने टाक्यांवर निभावलं. त्यापेक्षा आपला लाकडी पांगुळगाडा बरा, सुतार करून देतो.

डॉ_तापीकाठ :
चोपडेकर बरोबर. कॅनडाने २००४ पासून त्या बसायच्या वॉकरच्या विक्रीवर बंदी घातलेली आहे. मूल त्यात चवड्यांवर ढकलत राहतं, तोल सांभाळायचं काम वॉकरच करतो, त्यामुळे चालणं लवकर येत नाही, उलट पडण्याचा, भाजण्याचा धोका. पांगुळगाड्यात मूल स्वतः उभं राहून मागून ढकलतं, तोल त्याचा त्यालाच धरावा लागतो. फक्त चाकं फार पळणारी नकोत आणि जवळ माणूस पाहिजे.

भुसावळ_जंक्शन :
भावाला सांगा वॉकर परत करून पैसे सूनबाईंच्या हातात द्यायचे, आखाजीची ओवाळणी.

पाचोऱ्याची_सूनबाई :
डॉक्टर, ती सहा आठवडे आधी झाली. पेटीत होती थोडे दिवस. आता वजन वगैरे चांगलं आहे त्यामुळे ते डोक्यातच राहत नाही. दूध भरपूर पिते, लिटरभर तरी जात असेल दिवसाला, बाटलीने. सासूबाई म्हणतात दूध पिते म्हणून तर गुटगुटीत आहे.

डॉ_तापीकाठ :
मग हिशोब बदलला. वेळेआधी झालेल्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत डॉक्टरांनी बाळंतपणाची जी मूळ तारीख दिली होती तिच्यापासून मोजायचं. तुमची पोरगी टप्प्यांच्या दृष्टीने १४ महिन्यांची. लसीकरण मात्र जन्मतारखेप्रमाणेच.
दूध अर्ध्या लिटरच्या वर नको. पोट दुधाने भरलं की भाकरी, वरण, भाजी, अंडं जात नाही, दुधात लोह नसल्यासारखंच, आणि गुटगुटीत दिसणारी मुलं पांढरी पडलेली असतात. रक्त एकदा तपासून घ्या.

शिंदखेडा_मास्तर :
टप्प्यांचा विषय निघालाच आहे तर आमच्या खात्यातली गोष्ट. जुन्या काळी गावात जन्माचा दाखला कोणाकडे? बाप पोराला शाळेत घेऊन यायचा, मास्तर म्हणायचा, डोक्यावरून हात ने आणि पलीकडचा कान धर. धरला तर पहिलीत नाव, नाही तर पुढच्या वर्षी. आणि जन्मतारीख? १ जून. माझ्या वडिलांची १ जून, काकांची १ जून, आमच्या गावातल्या अर्ध्या रिटायर लोकांचा वाढदिवस एकाच दिवशी, केकवाला खूश.
लोक हसतात पण त्यात तथ्य होतं. नवजात बाळाचं डोकं अंगाच्या चौथ्या हिश्श्याइतकं असतं, मोठ्या माणसाचं सातव्या-आठव्या. लहानपणी डोकं मोठं, हात आखूड. हात लांबून कानापर्यंत पोचायला साधारण सहा-सात वर्षं लागतात, दुधाचे दात पडायला लागतात त्याच सुमाराला. आता नवीन शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं, पहिलीला सहा पूर्ण पाहिजेत म्हणतात, तर आमच्या मास्तरांनी ते टेपपट्टीशिवाय केलं होतं.

वांग्याचं_भरीत :
मास्तर मी आता करून बघितलं, माझा हात पोचत नाहीये. नापास का?

शिंदखेडा_मास्तर :
पोट मध्ये येत असेल.

गिरणामाय :
हसून झालं असेल तर मला एक सांगायचंय. चालण्यावर सगळे लक्ष ठेवतात कारण ते डोळ्याला दिसतं, बोलण्याकडे कोणी बघत नाही. माझ्या दिराचा मुलगा चालला वेळेवर, अंगाने चांगला, पण दोन वर्षांचा होईपर्यंत एक शब्द नाही. घरात सगळ्यांचं एकच, "त्याना बाप बी उशिराच बोलना व्हता." आजी तर म्हणायची बोलका झाला की तुम्हीच गप्प बस म्हणाल. तो हाक मारली तर कधी बघायचा कधी नाही, आम्हाला वाटायचं मस्तीखोर आहे, ऐकून न ऐकल्यासारखं करतो. एक दिवस त्याच्या पाठीमागे पातेलं पडलं, घरातले सगळे दचकले, हा आपला खेळतोय. तेव्हा जाऊबाईच्या लक्षात आलं. तपासणी केली, दोन्ही कानांना फार कमी ऐकू येत होतं. आता मशीन आहे, स्पीच थेरपी चालू आहे, बोलतो, पण जी दोन वर्षं गेली ती भरून काढायला लेकराला किती मेहनत करावी लागतेय ते आम्ही बघतोय.
म्हणून "बाप बी असाच व्हता" हे वाक्य मला आता सहन होत नाही.

आखाजीचा_झोका :
अंगावर काटा आला वाचून.

डॉ_तापीकाठ :
गिरणामाय, हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत. सगळ्यांसाठी : एक वर्षापर्यंत बा-बा-दा-दा असं काहीच नाही, बोट दाखवणं, टाटा करणं नाही, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत "पाणी दे", "बाबा गेला" असे दोन शब्द जोडून नाहीत, तर थांबू नका. पहिली तपासणी कानाची. बाळ जन्मल्यावरच कानाची साधी चाचणी होते, ती मागून घ्या.

पुण्यातला_जळगावकर :
बोलण्याच्या उशिराचं मला वाटतं मोठं कारण घरातली खिचडी आहे. गावी आजी-आजोबा अहिराणी, आम्ही मराठी, शाळा इंग्लिश, कार्टून हिंदी. पोराने बोलायचं कशात? आम्ही तर घरच्यांना सांगून टाकलं, पोराशी अहिराणी बोलू नका.

चोपडा_सातपुडा :
काय भो! आजीने नातवाशी तिच्या भाषेत बोलायचं नाही?? मग बोलायचं कशात, ॲपमध्ये?

शिंदखेडा_मास्तर :
जळगावकर, माझ्या वर्गात निम्मी पोरं घरी अहिराणी बोलणारी. पहिलीत "माले पाणी पाहिजे" म्हणतात, दिवाळीपर्यंत माझ्याशी मराठी आणि मित्राशी अहिराणी, आपोआप बदल करतात, कोणी शिकवत नाही. ज्यांच्याशी घरात भरपूर बोललं जातं ती पुढे, मग भाषा कोणतीही असो. मागे राहतात ती, ज्यांच्याशी कोणी बोलतच नाही, हातात मोबाईल देऊन गप्प केलेली.

डॉ_तापीकाठ :
मास्तरांना पूर्ण अनुमोदन. दोन-तीन भाषांनी बोलणं अडत नाही. शब्द मोजताना सगळ्या भाषांचे मिळून मोजायचे. अहिराणीत वीस, मराठीत तीस, तर पन्नास. स्क्रीनचं मात्र खरं आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षं जास्तीत जास्त एक तास आणि कमी तेवढं बरं. कार्टून बोलतं पण उत्तराची वाट बघत नाही. आजी बघते.

वांग्याचं_भरीत :
मनी आजी तं आते बी थांबस नही :)

पुण्यातला_जळगावकर :
ठीक आहे, आजीवरची बंदी उठवतो. ॲप मात्र ठेवणार.

केळीवाला_रावेर :
मानसिक वाढीचं कोणी बोलत नाहीये म्हणून आमच्या घरची गंमत. माझी धाकटी चार वर्षांची. केळं मागितलं, एक दिलं, रडायला लागली दोन पाहिजेत. मी त्याच केळ्याचे दोन तुकडे केले, खूश! मोठा आठ वर्षांचा, तो म्हणतो "पप्पा तू तिला फसवतोय." रावेरात केळ्याची कमी नाही पण ही ट्रिक मी अजून वापरतो.

आखाजीचा_झोका :
केळीवाले, ही ट्रिक पुस्तकात आहे. माझं बी.एड. झालंय, पियाजे नावाचा स्विस मानसशास्त्रज्ञ, त्याने हेच पाण्याच्या ग्लासांवर केलं. सारखं पाणी एका बुटक्या आणि एका उंच ग्लासात ओतायचं, सात वर्षांच्या आतली मुलं बहुतेक म्हणतात उंच ग्लासात जास्त. त्यांना एका वेळी एकच गोष्ट दिसते, उंची. तुमच्या धाकटीला तुकड्यांची संख्या दिसली. मोठा पुढच्या टप्प्यात गेला.
तसंच लपाछपीत तीन वर्षांचं पोर स्वतःचे डोळे झाकून उभं राहतं, मला दिसत नाही म्हणजे कोणाला दिसत नाही. चारच्या आसपास कळायला लागतं की दुसऱ्याच्या डोक्यात वेगळं असू शकतं, आणि तेव्हाच पहिली व्यवस्थित थाप मारतं. तेव्हा पहिली थाप पकडली की चिडू नका, मेंदू वाढतोय.

शिंदखेडा_मास्तर :
पियाजेबाबत एक पुरवणी. ग्लासांसारखंच त्याने सोंगट्यांच्या दोन सारख्या रांगांवरही केलं होतं. पण परीक्षकानेच त्यातली एक रांग लांबवून परत "आता कुठे जास्त?" विचारलं तर पोराला वाटतं उत्तर बदलायला सांगतायत. १९७४ मध्ये मार्गारेट डोनाल्डसन ही मानसशास्त्रज्ञ आणि तिच्या सहकाऱ्याने तीच रांग एका खोडकर टेडीकडून विस्कटली, तर चार-पाच वर्षांची कितीतरी मुलं बरोबर बोलली. मोठ्या माणसाला खूश करायची सवय पोरांना असतेच, माझ्या वर्गात रोज दिसते. "समजलं का?" विचारलं की सगळे "होऽऽ".

केळीवाला_रावेर :
करून बघितलं. धाकटी म्हणाली दोन्हीकडे सारखंच पाणी आहे, पण मला उंच ग्लास पाहिजे. हिला कुठल्या टप्प्यात घालू?

भुसावळ_जंक्शन :
राजकारणात.

नवी_आई_धुळे :
माझा अडीच वर्षांचा. कॉलनीत बागेत नेते तर दुसऱ्या मुलांशी खेळतच नाही. त्यांच्या शेजारी बसून आपलं आपलं माती उकरतो. सोसायटीतल्या बायका म्हणतात एकलकोंडा आहे, प्ले ग्रुपला घाला.

आखाजीचा_झोका :
अगं शेजारी बसतोय ना, मग झालं. मिल्ड्रेड पार्टन नावाच्या बाईने १९३२ मध्येच लिहून ठेवलंय, आधी एकट्याने, मग बाजूला बसून बघत, मग शेजारी शेजारी पण आपापलं, मग वस्तूंची देवाणघेवाण, आणि शेवटी एकत्र नियमाने खेळणं. अडीचला शेजारी बसून माती उकरणं हाच त्याचा सामाजिकपणा. दोन मुलं एकत्र घर-घर खेळतात ते साधारण चार वर्षांनंतर. तो तुझ्याकडे बघून हसतो, माती दाखवायला आणतो का?

नवी_आई_धुळे :
हो, रोज माझ्या ओटीत माती आणून टाकतो.

आखाजीचा_झोका :
मग साडी धुवायची तयारी ठेव, बाकी चिंता नको.

अक्राणीची_ताई :
मी अंगणवाडी सेविका आहे, नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातल्या धडगाव तालुक्यातली. रेंज आली की वाचते. तुमचं सगळं वाचलं, हसले पण. आमच्याकडे टप्पे वेगळे मोजावे लागतात. दिवाळी झाली की पाड्यातली घरं ऊसतोडीला नाहीतर गुजरातकडे कामाला जातात, पोरं सोबत. होळीला परत येतात. होळी आमच्याकडची सगळ्यात मोठी, त्यासाठी येतातच. मधल्या महिन्यांत वजन नाही, उंची नाही, लस राहिलेली. गेलं तेव्हा बोलणारं पोर आलं तेव्हा गप्प, अंग उतरलेलं. पोटात नसेल तर चालणं पण उशिरा आणि खेळणं पण नाही, कमी खाल्लेलं पोर एका जागी बसून राहतं, माश्या पण हाकलत नाही. मी आधी ते बघते, कोण पळतंय आणि कोण बसलंय. वजनकाटा नंतर.
गरोदरपणात मिळतं ते माता-बाल संरक्षण कार्ड तुमच्या सगळ्यांकडे असेल, कपाटात. त्यात चित्रं आहेत, कोणत्या महिन्यात बाळ काय करतं. लस टोचून घेतली की ते पान कोणी उघडत नाही. ॲपची गरज नाही भाऊ, ते कार्ड उघडा.
आणि तपासणीची गाडी येते ती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, २०१३ ला पालघरहून सुरू झालेला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत फुकट. वाढीत मागे पडलेल्या पोरांना जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. शहरातल्या बायकांना हे माहीतच नसतं, अंगणवाडी म्हणजे खिचडी वाटतं त्यांना.
ताराबाई मोडकांनी म्हटलं होतं ना, पोरं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची. आमच्याकडे अंगणच ऊसाच्या फडात गेलंय, मग मी कुठे नेऊ?

गिरणामाय :
ताई, तुमच्या पोस्टनंतर काय लिहावं कळत नाही. कार्ड शोधून काढते.

डॉ_तापीकाठ :
"कोण पळतंय आणि कोण बसलंय", हे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे, तुमचं नाव घेऊन.

अक्राणीची_ताई :
नाव नको, गाडी वेळेवर पाठवा म्हणा.

सातवी_ब :
उशिरा आले. मी हायस्कूलला शिकवते, लहान मुलांचे टप्पे सगळे मोजतात, अकरा ते चौदाचे कोणी मोजत नाही. सातवीत मुली डोक्याने मुलांच्या वर गेलेल्या असतात कारण त्यांची वाढीची उसळी साधारण दोन वर्षं आधी येते. मग बुटके राहिलेले मुलगे शेवटच्या बाकावरून दंगा करतात, उंच मुली खांदे पाडून चालतात. पालक येऊन म्हणतात "मॅडम आमचा अजून लहानच दिसतो, डॉक्टरला दाखवू का?" दहावीत तोच दरवाज्याला डोकं आपटतो. मुलींना आठ ते तेरा आणि मुलांना नऊ ते चौदा या वयात कधीही सुरुवात होते, तिथेपण पट्टाच. पण घरी याबद्दल एक शब्द बोलत नाहीत, पोरगी पहिल्यांदा शाळेत पाळी आली की घाबरून रडते. चालायला शिकवायला सगळं घर धावतं आणि यावेळी?

चोपडा_सातपुडा :
मॅडम यावर वेगळा धागा काढा, हा फार मोठा विषय आहे.

सातवी_ब :
काढते. पण इथे पण राहू द्या.

पाचोऱ्याची_सूनबाई :
मंडळी परत आले. पाचोऱ्याला आल्यावर दाखवलं. त्यांनी कंबरेचे सांधे, पायांची ताकद, सगळं बघितलं, ठीक आहे म्हणाले, वय कमी धरून मोजलं आणि १८ महिने झाले तरी चालली नाही तर परत आणा म्हणाले. हिमोग्लोबिन मात्र कमी निघालं, लोहाचे थेंब दिलेत आणि बाटली बंद. सासूबाई दोन दिवस रुसल्या, आता त्याच वरण-भात कालवून भरवतात आणि सगळ्यांना सांगतात की दूध जास्त चांगलं नसतं. चाललेली नाहीये अजून. भाऊ वॉकर परत घेऊन गेला, दुकानदाराने पैसे नाही दिले, त्याबदल्यात प्लास्टिकची खुर्ची दिली. ती खुर्ची ढकलत फिरते आता अख्ख्या घरात.

भुसावळ_जंक्शन :
गाडी आउटरला उभी आहे. सिग्नल मिळेल.

केळीवाला_रावेर :
घरात बूट-मोजे घालू नका फक्त. अनवाणी पाय जमीन पकडतात. बाहेर आपल्याकडच्या उन्हात चप्पल लागतेच, फरशी तापते.

नवा_बाप_यावल :
एक अवांतर. माझा सात महिन्यांचा, एकही दात नाही. चिंता करायची का?

वांग्याचं_भरीत :
भरीत चाटवा, दात धावत येतील.

डॉ_तापीकाठ :
पहिला दात वाढदिवसापर्यंत कधीही येतो, थांबा. भरीत चालेल, पण मीठ-मिरची न घालता आणि शेंगदाणे काढून. अख्खे शेंगदाणे चार-पाच वर्षांपर्यंत नकोच, श्वासनलिकेत अडकतात.

वांग्याचं_भरीत :
बिनमिरचीचं भरीत?? संपादक, या आयडीवर कारवाई करा.